गव्हाचं माहेर शोधणारा माणूस

१९१६ साल. पहिलं महायुद्ध सुरू होतं आणि उत्तर इराणमध्ये रशियन सैन्याच्या तुकड्या तळ देऊन होत्या. त्या सैनिकांमध्ये एक चमत्कारिक आजार पसरला. स्थानिक पिठाची रोटी खाल्ली की माणसाला दारू प्यायल्यासारखी झिंग येई, चक्कर येई. कारण शोधायला एका अठ्ठावीस वर्षांच्या कृषिशास्त्रज्ञाला पाठवण्यात आलं. त्याचं नाव निकोलाय इवानोविच वाविलोव.

कारण फार अवघड नव्हतं. गव्हाच्या शेतात एक विषारी गवत तण म्हणून वाढत होतं, त्याचं बी धान्यात मिसळत होतं आणि त्यात बुरशीची भर पडली होती. स्थानिक पीठ वापरू नका, असा सल्ला त्याने दिला. काम संपलं होतं, पण तो परत फिरला नाही. घोडे आणि वाटाडे घेऊन तो आणखी पूर्वेला, पामीरच्या पहाडांकडे निघाला. हा तरुण रोगांपेक्षा गव्हामागेच जास्त लागलेला होता.

डोंगर चढताना त्याने एक गोष्ट टिपून ठेवली. खालच्या दरीत गव्हाची शेतं होती. त्यात 'राय' नावाचं धान्य मधेमधे तणासारखं उगवलेलं दिसे. शेतकरी त्याच्यावर वैतागलेले. तिकडच्या बोलीत रायला 'गंदुम-दर' म्हणत, म्हणजे गव्हात शिरलेलं. जसजसं वर जावं तसतशी थंडी वाढे, गहू विरळ होई आणि राय दाट. आणखी वर गेल्यावर दोन्ही जवळजवळ सारखे. आणि अगदी वरच्या गावांमध्ये शेतकरी नुसती रायच पेरत आणि तिचीच रोटी खात. खालच्या गावात जे उपटून टाकायचं ते वरच्या गावात पोट भरत होतं. एका डोंगराच्या चढणीवर एका पिकाचा सगळा इतिहास मांडून ठेवलेला होता. रायला कुणी मुद्दाम रानातून आणून शेतात लावलं नव्हतं. ती गव्हाचं बोट धरून तण म्हणून आली आणि जिथे गहू टिकेना तिथे तिने त्याची जागा घेतली. १९१७ मध्ये वाविलोवने हे प्रसिद्ध केलं.

हा प्रसंग आम्हाला मुद्दाम आधी सांगावासा वाटला, कारण वाविलोवची पुढची सगळी पद्धत त्यात आहे. पिकाचा इतिहास जुन्या ग्रंथांमध्ये शोधण्याआधी तो शेतात बघायचा.

वाविलोवचा जन्म १८८७ चा, मॉस्कोचा. वडील कापडाचे व्यापारी. तो चार वर्षांचा असताना रशियात १८९१-९२ चा मोठा दुष्काळ पडला. त्या देशात दुष्काळ ही अधूनमधून येणारी नेहमीचीच गोष्ट होती. आपल्याकडे ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. शेतकी महाविद्यालयातलं शिक्षण संपल्यावर १९१३ मध्ये तो इंग्लंडला गेला. तिथे विल्यम बेटसन यांच्या हाताखाली त्याने काम केलं. मेंडेलचे वाटाण्यावरचे प्रयोग १८६६ मध्ये छापले गेले, चौतीस वर्षं धूळ खात पडले आणि १९०० मध्ये पुन्हा उजेडात आले, हे आपण वर्गात शिकवतो. त्या प्रयोगांचं महत्त्व इंग्लंडला पटवून देणारे ते हे बेटसन. आनुवंशिकीला आज जगभर वापरलं जाणारं इंग्रजी नावही त्यांनीच दिलं.

वाविलोवचा तेव्हाचा विषय होता पिकांची रोगप्रतिकारशक्ती. गव्हावर तांबेरा पडला की शेतकऱ्याचं वर्ष जातं. पण एकाच शेतात शेजारी शेजारी लावलेल्या वाणांपैकी काही तांबेऱ्याने पार करपतात, तर काहींना तो शिवतही नाही. मेंडेलच्या नियमांप्रमाणे हा गुण पुढच्या पिढीत जात असेल तर संकराने तो दुसऱ्या वाणात आणता येईल. थंडी सोसण्याचा गुण, कमी पाण्यात येण्याचा गुण, यांचंही तेच. पण संकर करायला आधी तो गुण असलेलं झाड हातात हवं. ते कुठे मिळणार? जगभर वणवण करून जे मिळेल ते गोळा करायचं, की नेमकं कुठे शोधायचं याला काही नियम आहे?

वाविलोवचं उत्तर असं होतं. जे पीक एखाद्या प्रदेशात हजारो वर्षं आहे, तिथे त्याचे नाना प्रकार झालेले असणार. तिथून माणसं दुसरीकडे गेली तेव्हा त्यांनी सोबत नेलं ते मूठ-दोन मुठी बियाणं. म्हणजे सगळ्या प्रकारांमधला एखादाच प्रकार. म्हणून नकाशावर जिथे एखाद्या पिकाची विविधता सर्वांत जास्त आढळेल, तिथे त्याचं मूळ घर असण्याची शक्यता जास्त. भाषेचं उदाहरण घेऊन बघा. महाराष्ट्रात वऱ्हाडी, मालवणी, कोल्हापुरी अशा मराठीच्या किती तऱ्हा! तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला जी मराठी गेली ती त्यातली एक मूठ. उद्या कुणाला काहीच माहीत नसताना मराठीचं मूळ शोधायला सांगितलं, तर तो तंजावरला नव्हे, सह्याद्रीच्या आसपासच येऊन थांबेल. (उपमा फार ताणू नये. बियांना व्याकरण नसतं.)

हा विचार तपासायला वाविलोव आणि त्याचे सहकारी पुढची वीस वर्षं जग धुंडाळत राहिले. १९२४ मध्ये अफगाणिस्तानात त्याने पाच महिन्यांत सुमारे पाच हजार किलोमीटरचा प्रवास केला, तोही बहुतेक घोड्यावरून आणि पायी. १९२६-२७ मध्ये भूमध्य समुद्राकाठचे देश आणि इथिओपिया. १९२९ मध्ये पश्चिम चीन, जपान, कोरिया. त्याच वर्षी अल्मा-आताजवळच्या डोंगरउतारांवर त्याला रानटी सफरचंदांची जंगलंच्या जंगलं दिसली आणि सफरचंदाचं घर हेच, हे त्याने ओळखलं. पुढे जनुकांच्या अभ्यासानेही तेच सांगितलं. १९३० आणि १९३२-३३ मध्ये मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत. बटाटा, मका, मिरची, टोमॅटो यांची घरं तिकडे. प्रत्येक ठिकाणी त्याचा एक नेम असे: आधी बाजारात जायचं. कुठल्या गावात काय पिकतं ते बाजारातल्या बायकांच्या टोपल्या सांगतात. मग शेतात. लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलता यावं म्हणून तो जाईल तिथली भाषा कामापुरती शिकून घेई.

१९२६ मध्ये त्याने पिकांच्या उगमकेंद्रांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात अशी पाच केंद्रं होती, पुढे ती आठ झाली. यातली एक गोष्ट इतिहासाच्या शिक्षकांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. नाईल, सिंधू, तैग्रिस, अशा मोठ्या नद्यांच्या काठी शेती सुरू झाली, अशी आपली समजूत असते. वाविलोवची केंद्रं मात्र बहुतेक डोंगराळ भागात निघाली. त्याचं म्हणणं, मोठ्या नदीला बांध घालून शेती करायला हजारो माणसांची संघटना लागते. डोंगरातल्या ओढ्याच्या पाण्यावर दहा घरांची वाडीही शेती करू शकते. तेव्हा सुरुवात वाडीत झाली असणार, राज्यं नंतर आली.

भारत हे त्याच्या आठ केंद्रांमधलं एक. तूर, मूग, वांगं, काकडी, आंबा ही आपली पिकं. वांग्याचं वर्गात सहज तपासून बघता येईल. मुलांना आपापल्या बाजारातून, परसातून वांगी आणायला सांगा. भरताचं मोठं वांगं, कृष्णाकाठचं काटेरी वांगं, हिरवं, पांढरं, जांभळं, रेघांचं, लांबुळकं, वाटोळं. पाहुण्यांकडे गेलेली मुलं आणखी चार प्रकार आणतील. मग तेच बटाट्याचं करून बघा. दोन-तीनवर गाडी अडते. बटाटा आपल्याकडे पाहुणा आहे. तिकडे पेरू देशाच्या डोंगरात मात्र बटाट्याचे हजारो प्रकार आहेत.

वाविलोवचा दुसरा मोठा विचार १९२० चा. सारातोव शहरातल्या कृषिशास्त्रज्ञांच्या परिषदेत त्याने तो मांडला. जवळच्या नात्यातल्या पिकांमध्ये गुणांचे प्रकारही समांतर दिसतात. गव्हात कुसळं असलेल्या आणि बिनकुसळाच्या ओंब्या सापडतात. मग जवात आणि रायमध्येही दोन्ही असायला हव्यात, आणि असतात. गव्हात एखादा गुण सापडला आणि रायमध्ये अजून दिसला नसेल, तर तो शोधावा, बहुधा मिळेल. मेंडेलीव्हने मूलद्रव्यांच्या तक्त्यात रिकाम्या जागा ठेवल्या होत्या, त्या पुढे भरल्या गेल्या. परिषदेत वाविलोवची तुलना मेंडेलीव्हशी झाली ती यामुळेच.

त्या वर्षाच्या अखेरीनंतर त्याच्याकडे पेट्रोग्राडची, म्हणजे पुढच्या लेनिनग्राडची, वनस्पतिसंस्था आली. तिची अवस्था भयंकर होती. यादवी युद्धाने शहर उपाशी होतं, नळ गोठून फुटले होते आणि संस्थेच्या संग्रहातलं बरंचसं बियाणं भुकेल्या लोकांनी खाऊन टाकलं होतं. तिथून सुरुवात करून १९४० पर्यंत संग्रह अडीच लाख नमुन्यांपर्यंत पोचला. जगात तेव्हा एवढा संग्रह कुठेच नव्हता. आणि हे काही कपाटात ठेवून विसरायचं संग्रहालय नव्हतं. बी जिवंत असतं. तेव्हाच्या पद्धतीने ठेवलेलं बी काही वर्षांत उगवेनासं होई, म्हणून प्रत्येक नमुना ठरावीक काळाने पेरून ताजा करावा लागे. त्यासाठी देशभर वेगवेगळ्या हवामानात केंद्रं उभारलेली होती.

आता त्रोफिम लायसेंको. शेतकरी कुटुंबातला, वाविलोवपेक्षा अकरा वर्षांनी लहान. रशियात गव्हाचा एक प्रकार शरद ऋतूत पेरतात. तो हिवाळाभर बर्फाखाली राहतो आणि थंडी लागल्याशिवाय त्याला ओंबी धरत नाही. असं बी भिजवून थंड ठेवलं तर वसंतात पेरूनही ओंब्या येतात. लायसेंकोने हे तंत्र १९२९ च्या सुमारास गाजवलं. तंत्र खरं होतं, त्याच्या आधीही इतरांना माहीत होतं आणि वाविलोवने सुरुवातीला या तरुणाचं कौतुकच केलं. गाडी घसरली ती पुढे. अशा रीतीने बदललेला गुण पुढच्या पिढ्यांमध्येही उतरतो, परिस्थिती बदलली की पिकाचा स्वभाव कायमचा बदलतो, जनुक वगैरे सगळी परदेशी थोतांडं आहेत, असं तो सांगू लागला. त्याचे प्रयोग लहान होते, तुलनेसाठी नीट वाफे नव्हते, आकडेमोडीचा त्याला तिटकारा होता. त्याचा भर शेतकऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर होता.

तरी त्याचं का चाललं, हे समजून घ्यायला हवं. तो नुसता लबाड होता म्हणून विषय मिटवणं आम्हाला पुरेसं वाटत नाही. १९३१ मध्ये सरकारने फर्मान काढलं की नवे वाण दहा-बारा वर्षांऐवजी चार-पाच वर्षांत तयार झाले पाहिजेत. त्याच सुमारास जमिनी सक्तीने सामूहिक केल्या गेल्या, धान्य ओढून नेलं गेलं आणि १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसं मेली. वाविलोव म्हणत होता, संकर करा, निवड करा, पिढ्या मोजा, वेळ लागेल. लायसेंको म्हणत होता, दोन-तीन वर्षांत करून दाखवतो. वरून तो शेतकऱ्याचा मुलगा, वाविलोव व्यापाऱ्याचा. उपाशी देशाच्या राज्यकर्त्यांना यातलं कोणतं उत्तर गोड लागणार? १९३५ मध्ये क्रेमलिनमधल्या सभेत लायसेंकोचं भाषण ऐकून खुद्द स्टालिनने "शाब्बास, कॉम्रेड लायसेंको, शाब्बास!" अशी दाद दिली. त्यानंतर शेतातल्या वाफ्यांना विचारायचं कारणच उरलं नाही. १९३८ मध्ये लायसेंको कृषिविज्ञान अकादमीचा अध्यक्ष झाला. या अकादमीचा पहिला अध्यक्ष वाविलोव होता. १९३९ मध्ये एडिंबरोच्या आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषदेसाठी अध्यक्ष म्हणून वाविलोवची निवड झाली, पण त्याला देश सोडू दिला नाही. त्याच वर्षी आपल्या संस्थेतल्या एका सभेत तो म्हणाला, आम्ही चितेवर जाऊ, जळू, पण आमच्या मतांपासून मागे हटणार नाही.

६ ऑगस्ट १९४० रोजी तो पश्चिम युक्रेनमध्ये, कार्पेथियन पर्वताच्या पायथ्याशी वनस्पती गोळा करत होता. संध्याकाळी एका काळ्या गाडीतून काही माणसं आली आणि मॉस्कोला तातडीचं बोलावणं आहे म्हणून त्याला घेऊन गेली. मागे राहिलेल्या सहकाऱ्यांनी त्याची पिशवी उघडली. तिच्यात त्या दिवशी गोळा केलेल्या एका जुन्या, अर्धरानटी गव्हाच्या ओंब्या होत्या.

चौकशी अकरा महिने चालली. हेरगिरी आणि शेतीची नासधूस हे आरोप. जुलै १९४१ मध्ये मृत्युदंड झाला. जर्मन फौजा मॉस्कोजवळ आल्यावर त्याला सारातोवच्या तुरुंगात हलवलं, त्याच शहरात जिथे वीस वर्षांपूर्वी लोकांनी त्याची मेंडेलीव्हशी तुलना केली होती. कोठडीत तो सोबतच्या कैद्यांना आळीपाळीने व्याख्यानं देत, देववत असे. जगाच्या शेतीच्या इतिहासावर एक पुस्तकही त्याने कैदेत लिहिलं, ते हरवलं. १९४२ मध्ये शिक्षा वीस वर्षांच्या कैदेवर आली. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला आपला परदेशी सदस्य निवडलं. तो कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्याच्या बायकोलाही नव्हतं. येलेना बारुलिना, स्वतः मसुराची अभ्यासक, धाकट्या मुलाला घेऊन त्या काळात सारातोवमध्येच राहत होती आणि नवऱ्यासाठी डबे मॉस्कोला पाठवत होती. २६ जानेवारी १९४३ रोजी वाविलोव तुरुंगात गेला. कारण, अन्नाचा अभाव.

इकडे सप्टेंबर १९४१ पासून लेनिनग्राडला जर्मनांचा वेढा पडला होता. तो ८७२ दिवस टिकला. पहिल्या हिवाळ्यात बहुतेक नागरिकांना दिवसाला सव्वाशे ग्रॅम पाव मिळत होता, त्यातही भुसा. वाविलोवच्या संस्थेत गहू, तांदूळ, वाटाणा, मका, भुईमूग, सगळं टनांनी भरलेलं होतं. उंदरांपासून, चोरांपासून आणि थंडीपासून ते राखायला माणसं पाळीपाळीने पहारा देत होती. पावलोव्स्कच्या केंद्रातले बटाट्याचे वाण तोफांच्या माऱ्यात खणून शहरात आणले गेले आणि ते गोठू नयेत म्हणून हाताला लागेल ते जाळून तळघर उबदार ठेवलं. भाताचे राखणदार दिमित्री इवानोव, भुईमुगाचे अलेक्झांडर शुकिन, ओटची लिदिया रोदिना, अशी किमान नऊ माणसं त्या काळात उपासमारीने गेली. काही नोंदींमध्ये हा आकडा याहून मोठा आहे. आपला प्रमुख जिवंत आहे की नाही हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

वाविलोवचा धाकटा भाऊ सर्गेई हा भौतिकशास्त्रज्ञ. स्टालिनच्या सरकारने १९४५ मध्ये त्यालाच विज्ञान अकादमीचा अध्यक्ष केलं. ज्या राज्याने भावाला मारलं त्याच राज्याच्या विज्ञानाचा कारभार त्याने १९५१ पर्यंत सांभाळला. १९४८ मध्ये लायसेंकोच्या मतांना सरकारी शिक्का मिळाला आणि आनुवंशिकी शिकवणंच बंद झालं. वाविलोव निर्दोष असल्याचं १९५५ मध्ये जाहीर झालं. लायसेंकोची सत्ता संपायला १९६५ उजाडलं.

वाविलोवचं सगळंच बरोबर होतं का? नाही. विविधता जिथे जास्त तिथेच उगम, हा नियम पुष्कळदा चालतो, नेहमी नाही. इथिओपियात जवाची आणि कठीण गव्हाची प्रचंड विविधता आहे, पण ही पिकं तिथे बाहेरून गेली. शेतं लहान, डोंगर अनेक, म्हणून तिथे नंतरही प्रकार वाढत गेले. भाताचं घर त्याने भारतात मानलं होतं. आता भाताची पहिली लागवड चीनच्या यांगत्से खोऱ्यात झाल्याचे पुरावे भक्कम आहेत, भारतातल्या भाताची कथा त्याहून गुंतागुंतीची आहे. अशी दुरुस्ती करणाऱ्यांमध्ये अमेरिकेचे जॅक हार्लन प्रमुख. वाविलोव अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना त्यांच्या घरी उतरला होता, तेव्हा जॅक शाळकरी पोर होते. त्यांचे वडील जवाचे अभ्यासक आणि वाविलोवचे मित्र. पाहुण्याच्या गोष्टी ऐकून पोराने पिकांचा अभ्यास करायचं ठरवलं आणि मोठेपणी त्या पाहुण्याच्याच सिद्धान्ताच्या चुका दाखवल्या.

सेंट पीटर्सबर्गच्या सेंट आयझॅक चौकातली ती संस्था आता वाविलोवच्या नावाने चालते. भारतातही पिकांचे वाण जपण्यासाठी १९७६ पासून राष्ट्रीय संस्था आहे, तिचं एक केंद्र अकोल्याला आहे. धान्याचं बी डबाबंद करून शून्याखालच्या तापमानात ठेवता येतं. सफरचंद, स्ट्रॉबेरी यांचं तसं नाही. त्यांच्या बीपासून उगवलेलं झाड आईसारखं निघत नाही, म्हणून ती जमिनीत उभीच ठेवावी लागतात. पावलोव्स्कच्या शेतात अशा फळांचे हजारो प्रकार आहेत, त्यातले बहुतेक जगात दुसरीकडे कुठे नाहीत. २०१० मध्ये ती जमीन घरं बांधायला लिलावात काढायचं ठरलं होतं. जगभरातल्या शास्त्रज्ञांनी ओरड केली आणि तो बेत थांबला.